तळ्याकाठचं तण

"तणाचं माझ्यावर सोपवा," पोस्टमास्तर म्हणाले. "गच्चीवर अख्खी बाग वाढवलीय मी. तण मला लांबूनच ओळखू येतं."

पोस्टमास्तर नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर घरात बसून बायकोला भाजी चिरायला शिकवत होते. शेवटी तिनेच त्यांना तळं वाचवणाऱ्या मंडळींकडे पिटाळलं. मंडळींच्या प्रमुख म्हणजे शाळेतल्या बाई. "लाल देठाचं तेवढं उपटायचं," असं त्या सगळ्यांना नीट बजावत होत्या; पण पोस्टमास्तर तेव्हा शेजारच्या माणसाला आपल्या गुलाबांचं कौतुक ऐकवत होते.

मग काय, गडी लागला कामाला. काठावर गवताची जुडगी उभी होती, तीही ओळीत. "तण किती माजलंय, रांगा लावायला लागलंय," असं पुटपुटत त्यांनी एकेक जुडगं मुळासकट उपटलं. प्रत्येकाला लोकरीचा धागा बांधलेला होता. लोक कुठेही कचरा करतात, म्हणत त्यांनी सगळे धागे सोडवून पिशवीत भरले.

ढीग कमरेपर्यंत आला. तो बघून त्यांना इतकं भरून आलं, की मंडळींची देणगीची पेटी घेऊन ते तिथेच उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवू लागले. "तळ्यासाठी काहीतरी द्या. हे बघा, एकट्या माणसाचं काम आहे हे."

एक म्हाताऱ्या बाई थांबल्या. बराच वेळ ढिगाकडे बघत राहिल्या.

"भाऊ, इथे माझं एक रोप होतं. विटकरी धाग्याचं."

"रोप?"

"देणगी दिली की आपल्या माणसाच्या नावाने एक रोप लावतात इथे. ह्यांचा जुना स्वेटर उसवून त्याचा धागा बांधला होता मी. हे गेले ना मागच्या वर्षी."

पोस्टमास्तरांच्या हातातली पेटी एकदम जड झाली. तेवढ्यात शाळेच्या बाई आल्या. त्यांनी ढीग पाहिला, उघडाबोडका काठ पाहिला आणि पलीकडे मजेत डोलणारं लाल देठाचं तणही पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, मी पाणी आणते. मुळं सुकू देऊ नका."

तळ्यात उतरावं आणि पाण्याखाली दडून बसावं, असं पोस्टमास्तरांना वाटलं. पिशवी उपसून त्यांनी विटकरी धागा शोधला आणि म्हाताऱ्या बाईंपुढे धरला. मान काही वर होईना.

"धागा आहे. पण रोप कुठलं ते मला सांगता येणार नाही. फार चुकलं माझं, ताई."

"कुठलंही लावा," त्या म्हणाल्या. "आम्ही सिनेमाला गेलो की हेसुद्धा दुसऱ्याच्याच खुर्चीत जाऊन बसायचे."

पोस्टमास्तर चिखलात गुडघे टेकून बसले. खड्डा केला, एक जुडगं हलक्या हाताने आत ठेवलं, माती दाबली, धागा बांधला. चष्मा पार धुरकटला होता.

"जगेल ना हो ताई?" त्यांनी विचारलं.

म्हाताऱ्या बाईंनी वाकून पाहिलं.

"जगेल की," त्या म्हणाल्या. "फक्त मुळं वर आलीत, ती तेवढी खाली घाला."