माझं ‘सुरू’ आणि आत्याचं ‘अहो’

लघुपट काढणं म्हणजे काय हो, बाही जोडण्याइतकं सोपं! असं मी भर दुकानात छातीठोकपणे सांगितलं. मी पडलो शिंपी. वाचनालयाने लघुपट स्पर्धा जाहीर केली होती. विषय ‘प्रेम, नाती आणि ओळख’, वेळ पाच मिनिटं. मी म्हटलं, "मापात शूटिंग केलं की कात्री लावायची गरजच नाही!"

"मागच्या आठवड्यातली पँटही मापातच शिवली होतीत ना?" बायको म्हणाली. "गिऱ्हाइकाच्या मुलाला झाली ती!"

मी दुर्लक्ष केलं, कारण माझा खरा बेत वेगळाच होता. माझी आत्या माझ्याच दुकानात काज-बटणं करते. वय पंचावन्न. सगळ्यांचं करता करता तिचं लग्न राहूनच गेलं. आता अख्खी गल्ली तिला आत्याच म्हणते. स्पर्धेच्या अर्जावर नायिकेचं नाव लिहायचं, तर मला, सख्ख्या भाच्याला, दोन मिनिटं आठवेना! शेवटी ‘आत्या’ असंच खरडलं.

समोरच्या दुकानात घड्याळजी. तेही एकटेच. सहा वर्षं झाली, नजरानजर झाली की आत्या सुई शोधते आणि ते भिंग. आणि आता घड्याळजी महिनाअखेरीस दुकान बंद करून भावाकडे निघाले होते, कायमचे! ते ऐकून आत्याने फक्त एका शर्टाला सातऐवजी अकरा बटणं लावली.

"काहीतरी करा हो!" बायको म्हणाली. म्हणून हा लघुपट. नवरा घड्याळजी, बायको आत्या, आणि आत्याला एकच वाक्य: "अहो, चहा घेता ना?"

मी मोबाईलचं लाल बटण दाबलं. "सुरू!"

"अहो घड्याळजी, चहा घेता ना?"

"कट! आत्या, नवऱ्याला कोणी घड्याळजी म्हणतं का? नुसतं अहो! सुरू!"

"अहो... साहेब..."

"कट!"

"अरे, नुसतं अहो जिभेवर येतच नाही मेलं! पुढे काहीतरी लागतंच!"

सतरा वेळा झालं. चहा तीनदा गार झाला. शेवटी मी वाक्यातून ‘अहो’च उसवून टाकलं, "चहा घेता ना?" एवढंच घेतलं आणि लघुपट न बघताच वाचनालयात देऊन आलो. बघायचं काय? मापात होता ना!

स्पर्धेच्या दिवशी वाचनालयाचं सभागृह गच्च भरलेलं, आत्या आणि घड्याळजी शेजारी-शेजारी बसलेले. पडद्यावर आत्या घड्याळजींच्या चहावर फुंकर घालतेय. हे कुठे लिहिलं होतं मी? "सु..." असा माझा ओरडा, आणि दृश्य गायब! मग घड्याळजी डोळ्याला भिंग लावून आत्याच्या सुईत दोरा ओवतायत. पुन्हा "सु...", पुन्हा गायब!

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्याच वेळी बटण दोनदा दाबलं गेलं होतं! पुढे मी ‘सुरू’ म्हणून बटण दाबलं की मोबाईल थांबायचा आणि ‘कट’ म्हटलं की चालू व्हायचा. अख्खा लघुपट अस्तर बाहेर काढून शिवला होता मी!

पडद्यावर घड्याळजी विचारत होते, "सगळे तुम्हाला आत्या म्हणतात. खरं नाव काय हो तुमचं?"

"कशाला? तुम्ही तर निघालात."

"तेवढं तरी बरोबर नेतो."

आत्या जरा पुढे वाकली. "माझं नाव..."

"सु...!" अंधार.

"अरे, नाव काय?" सगळं सभागृह ओरडलं. "कोण तो गाढव मध्येच बोंबलतोय?" मी खुर्चीत कमरेपर्यंत घसरलो.

एवढ्यात घड्याळजी उभे राहिले. म्हणाले, "मला सांगितलंय त्यांनी. आणि ते ऐकल्यापासून सामान बांधायला हातच चालत नाहीत. त्यांची हरकत नसेल, तर मी कुठेच जात नाही!"

मागून कुणीतरी शिट्टी मारली. आत्या लालेलाल होऊन उठली आणि त्यांची बाही ओढत म्हणाली, "अहो, बसा ना खाली! लोक बघतायत!"

नुसतं अहो! पुढे काही नाही! माझे तर डोळेच भरून आले. टाळ्या काही थांबेनात.

दुकान बंद करणं रद्द झालं, पुढच्या महिन्यात लग्न आहे. आणि ते ‘अहो’ मी प्रसंगावधान राखून मोबाईलवर टिपलं, बरं का! लग्नात सगळ्यांना दाखवणार होतो. काल बायकोने लावून बघितलं. त्यात ‘अहो’ कुठेच नाही; माझ्या खिशातला अंधार आहे, मोजपट्टीचं एक टोक आहे, आणि एक माणूस खुशीत म्हणतोय, "मिळालं!"