डॉक्टर की दूधवाला?

चार वाजता माई टीव्हीवर येणार होत्या आणि जेवणं उरकून बघतात तो रिमोट गायब!

घड्याळजींनी दुकान मुलाच्या हवाली केल्याला बरीच वर्षं झाली होती, पण आज ते सकाळपासून मनगटाकडे बघत होते. ‘मठातली माई’ ही जुनी मालिका एका वाहिनीने पुन्हा दाखवायला घेतली होती आणि आज तिचा शेवटचा भाग होता.

काय दिवस होते ते! साऱ्या गल्लीत टीव्ही एकट्या घड्याळजींकडे. रविवारी दारात चपलांचा ढीग पडायचा. माई म्हणजे मठात भांडी घासणारी म्हातारी साध्वी. पोलिसांनी हात टेकले, की इन्स्पेक्टर मठाची पायरी चढायचा. माई कोणावर बोट रोखत नसत. सगळ्यांना समोर बसवायच्या, डोळे मिटून प्रार्थना करायच्या आणि म्हणायच्या, “बाळांनो, देवाने आधीच माफ केलंय. आता सांगून टाका, हलकं वाटेल.” खुनी ढसाढसा रडायचा आणि त्याच्याबरोबर अर्धी गल्ली रडायची. इतकी माया खुन्यावर करणारं माणूस घड्याळजींनी पुन्हा पाहिलं नाही.

शेवटच्या भागात मात्र खुनी कबूल होणार तोच वीज गेली. त्या भागातल्या मास्तरांना विष डॉक्टरने घातलं असं घड्याळजी म्हणत. बायको म्हणे, दूधवाल्याने. पलीकडच्या गल्लीतलं कोणी सांगू लागलं, की घड्याळजी कानांवर हात ठेवत. ऐकेन तर माईंच्या तोंडून! मुलगा मोठा झाला, सून आली, भांडण होतं तिथेच राहिलं.

आणि आता रिमोट नाही. नवा टीव्ही रिमोटशिवाय ढिम्म हलेना. शेवटी घड्याळजींनी सगळ्यांना समोर बसवलं. मालिका बघायला खाली आलेले वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंडक्टरही त्यात सापडले. घड्याळजींनी डोळे मिटले.

“बाळांनो, देवाने माफ केलंय. मीही केलंय. सांगून टाका.”

सून चुळबुळली. “बाबा, तुमचा निळा कप मांजराने नव्हता फोडला. मीच फोडला. मांजर बिचारं त्या दिवशी घरातही नव्हतं.”

घड्याळजींनी एक डोळा उघडला. “माफ. पण रिमोट?”

“बाबा,” मुलगा म्हणाला, “चौकातलं मोठं घड्याळ मी नाही दुरुस्त केलं. दुसऱ्याकडून करून घेतलं. तुम्ही गावभर सांगत सुटलात, मग माझी जीभ रेटेना.”

“बरं. माफ.” आवाज जरा चिरकला.

“घड्याळजी, तुमचं ते भिंग,” कंडक्टर खाली बघत म्हणाले, “माझ्याकडेच आहे. पेपर वाचायला नेलं होतं.”

“अहो, त्या भिंगापायी मी आख्खं दुकान उलटंपालटं केलं होतं!”

“माफ म्हणालात ना?”

आता बायकोने पदर सावरला. “मग माझंही ऐका. त्या रविवारी वीज गेली नव्हती. मीच मेन स्विच बंद केला.”

“तू? का?”

“डॉक्टरला घाम फुटलेला दिसला मला. म्हटलं, यांचंच खरं निघतंय. जन्मभर ऐकवलं असतंत.”

हे काही घड्याळजींना माफ करवेना. ते तरातरा आत गेले आणि पलंगावर आडवे झाले. डोक्याला काहीतरी टोचलं. उशीच्या अभ्र्यात रिमोट होता. मुलाने मॅच लावू नये म्हणून काल त्यांनीच तिथे दडवला होता.

ते बाहेर आले तेव्हा हात पाठीमागे होता. सून गोड हसली. “बाबा, देवाने माफ केलंय. सांगून टाका.”

घड्याळजींनी मुकाट्याने रिमोट पुढे केला.

माई तशाच होत्या. तीच भांडी, तोच शांत आवाज. माईंनी डोळे उघडले, डॉक्टरला ओलांडलं, दूधवाल्याला ओलांडलं आणि इन्स्पेक्टरच्या डोक्यावर हात ठेवला. “बाळ, दमलास ना?” इन्स्पेक्टर हमसून हमसून रडू लागला.

“म्हणजे मी स्विच उगीचच बंद केला,” बायको पुटपुटली. दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं झालं. इतक्या वर्षांचं भांडण, आणि आता त्यात काही उरलंच नाही.

घड्याळजींनी चष्मा पुसला, मग हळूच विचारलं, “पण इन्स्पेक्टरला विष आणून दिलं कुणी? डॉक्टरशिवाय कोण देणार?”

बायकोचा चेहरा खुलला. “आणि ते मास्तरांच्या पोटात गेलं कशातून? दुधातूनच ना?”

उठायला निघालेले कंडक्टर पुन्हा मांडी घालून बसले.