पोटातल्या रंगरुटांना निरोप

डॉक्टरीणबाई मागे लागल्या म्हणून लिहितोय. स्वतःच्या आतड्याच्या भानगडी चारचौघांत मांडायची मला हौस नाही. माझ्या आतड्यात पहारेकऱ्यांची, म्हणजे रंगरुटांची, नवी भरती झाली आणि कुणाला सोडायचं, कुणाला बडवायचं, हे त्यांना सांगायला कोणी उरलं नाही.

बाईंनी पोटाला नळी लावून आतल्या हवालदाराचा जबाब घेतला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "रंगरूट तयार आहेत," तो म्हणाला. "निरोप आणणारे जंतू ह्या म्हाताऱ्यानं खाल्लेल्या गोळ्यांनी मेले. निरोप नसला की सरसकट बडवायचं, असा नियम आहे."

म्हणून महिनाभर माझी भाकरी आत मार खात होती. वजन अकरा किलो उतरलं. बाई म्हणाल्या, "काका, आठवड्यात निरोप गेला नाही तर तुमचं काही खरं नाही."

"मग द्या की तुम्हीच."

"माझा चालत नाही. घरात काय येतं ते ओळखणारं माणूस लागतं."

आमच्या हिला, केवळाबाईला, बोलावलं. ती बेंबीशी तोंड नेऊन म्हणाली, "ही ज्वारीची भाकरी. घरची आहे. येऊ द्या." हवालदार लिहून घेत होता. तेवढ्यात भेटायला आलेला माझा मेव्हणा वाकला आणि दात काढून ओरडला, "अन् ह्या म्हाताऱ्याला चांगला बडवा रे!"

तेही लिहून घेतलं गेलं.

रंगरुटांनी भाकरी सोडली आणि मला धरलं. आतड्याची भिंतच खरवडायला घेतली. मी कळवळलो.

"रद्द करा," बाई म्हणाल्या.

"मेव्हणा घरचाच माणूस. निरोप पक्का धरलाय," हवालदार म्हणाला. "हा आतड्याचा मालक असेल तर ओळख पटवा."

"मीच मालक!"

"सगळे असंच म्हणतात."

केवळाबाई परत वाकली. "माणूस तिरसट आहे. मीठ कमी पडलं की ताट सारतो. पण आपला आहे."

"आपला म्हणजे कुणाचा? मोघम चालत नाही."

ती थांबली. एवढं थांबायची काही गरज नव्हती.

"माझा. लिही."

मला सोडून निम्मे रंगरूट दारावर बसले, निम्मे गस्तीला गेले. त्या दुपारी मी अर्धी भाकरी खाल्ली. पचली. मेव्हणा म्हणतो, गंमत केली. आतड्यात गंमत चालत नाही, असं हवालदारानंही त्याला बजावलं. तरी अजून माफी मागायला आलेला नाही तो. त्याचं नाव रंगनाथ उबाळे.