आधी नाही म्हणा

पगारेबाई समोरच्या माणसाला आधी ‘नाही’ म्हणायला लावत. त्याशिवाय त्याचा होकार त्या घेतच नसत.

नाशिकच्या ज्या रुग्णालयात मी औषधं वाटायच्या खिडकीत बसायचो, तिथे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस क्षयाच्या एका नव्या औषधाची चाचणी व्हायची होती. जुनं औषध वर्ष-दीड वर्ष घ्यावं लागे. नवं त्याच्या निम्म्या काळात काम करेल अशी डॉक्टरांना आशा होती. चाचणी सुरू होण्याआधी ती पेशंटांना समजावून सांगायचं काम पगारेबाईंकडे आलं. बाई पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, गंगापूर रोडला एका खोलीत एकट्या राहायच्या. शाळा सुटली तरी आवाज मात्र चौथीच्या वर्गाचाच राहिला होता. आवारातल्या कडुलिंबाखाली बाकावर बसून त्या जे सांगत, ते मला खिडकीत सगळं ऐकू येई. ऐकायचं नसलं तरी येई.

‘चाचणी’ हा शब्द त्यांना मुळीच पसंत नव्हता. “पारख म्हणा,” त्या सांगायच्या. “आणि पारख औषधाची आहे, तुमची नाही.”

मग पिशवीतून डबा निघे. डब्यात शेंगदाणे आणि फुटाणे एकत्र केलेले असत. पेशंटनं डोळे मिटून एक दाणा उचलायचा. शेंगदाणा आला तर नवं औषध, फुटाणा आला तर जुनं. खरी सोडत पुढे आत व्हायची, ही आपली समजण्यापुरती. ओझरच्या कारखान्यातल्या एका फिटरनं शेंगदाणा उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाला, “औषध चवीला बरंय की!” बाईंनी त्याला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

“पन कुनाला काय द्यायचं ते डॉक्टरच का नाय ठरवत?” हा प्रश्न हमखास येई.

“डॉक्टरनं ठरवलं तर तो चांगली धट्टीकट्टी माणसं नव्या औषधाला घेईल. मग औषध चांगलं की माणूस दणकट, हे कळायचं कसं?”

“नव्या औषधानं काय व्हईल?”

“लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. मळमळेल. आणखी काय होईल ते सगळं ठाऊक असतं, तर पारख कशाला केली असती? आता मला एकदा ‘नाही’ म्हणून दाखवा.”

इथं गाडी अडायची. आमच्याकडे येणारी माणसं शेतावरची, मजुरीवरची. पांढरा कोट दिसला की हात जोडून उभी राहणारी. डॉक्टरला नाही म्हणायचं म्हणजे देवळात चपला घालून जाण्यासारखं. कुणी लाजे, कुणी इकडे तिकडे बघे. निफाडकडच्या एका आजोबांनी मात्र “नाय!” अशी आरोळी ठोकली की डॉक्टर आतून धावत आले.

“बाई, तुम्ही माणसं आणता की पळवता?” त्यांनी विचारलं.

“ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचा हो मी घेत नाही,” बाई म्हणाल्या. आजोबा तोवर “आता हो म्हनू का?” विचारत होते.

मला हा सगळा प्रकार पोरखेळ वाटायचा, कमळी येईपर्यंत.

कमळी हरसूलकडची. विशीतली असेल, अंगावर हाडं तेवढी उरलेली. घरी सासूजवळ काही महिन्यांची मुलगी ठेवून आली होती. डॉक्टरांना ती नव्या औषधाच्या पारखेत हवी होती. एरवी कुणाच्या बाजूनं न बोलणाऱ्या बाईंनाही ती हवी होती. शेंगदाणा निघो की फुटाणा, पहिले काही महिने पोटात चांगलं जाईल आणि रोज कुणीतरी बघेल, असं त्यांनी मला बोलून दाखवलं. अट एकच होती, तेवढे महिने वॉर्डात राहायचं.

बाईंनी सगळं सांगितलं. नवरा शेजारून प्रत्येक वाक्याला “हो हो, ऱ्हाईल ती” म्हणत होता. कमळी जमिनीकडे बघत होती.

“आता नाही म्हण.”

ती गप्प. बाईंनी उद्या या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशीही ती गप्पच. नावं घ्यायची मुदत संपत आली होती आणि डॉक्टरांचा पारा चढला होता. मलाही बाईंचा राग आला. पोरगी डोळ्यांदेखत वाळत चाललीय आणि या कसला हट्ट धरून बसल्यात!

तिसऱ्या खेपेला बाईंनी नवऱ्याला चहा प्यायला पिटाळलं आणि पुन्हा म्हणाल्या, “नाही म्हण, बाळ. कुणी रागावणार नाही. कुणी रागावलंच, तर मी त्याच्यावर रागावीन.”

“नाय,” कमळी म्हणाली. मग तिला रडू फुटलं. “नाय ऱ्हायचं मला. पोर हाय घरी. नाय, नाय, नाय.”

नवरा धावत आला. “तिचं काय ऐकता बाई, घ्या तिला!”

“तिनं नाही म्हटलंय,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खिडकीपर्यंत नीट आला नाही.

कमळी जुन्या गोळ्या घेऊन घरी गेली. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. अशा पोरी घरी गेल्या की महिन्याभरात गोळ्या सोडतात आणि पुढे काय होतं, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतर बाईंना नागलीचं, म्हणजे नाचणीचं, वेड लागलं. सुट्टीच्या दिवशी हरसूलच्या बाजाराला जायच्या आणि नागली घेऊन यायच्या. एकटी बाई किती भाकरी खाणार? आम्हा सगळ्यांच्या घरी नागली पोचली. माझी बायको तर बाई दिसल्या की दार लावून घ्यायची. कमळीच्या गोळ्याही बाईच माझ्याकडून नेत, “कुणाबरोबर तरी पाठवते” म्हणत.

एकदा मीही त्या बाजाराला गेलो. नागलीचं इतकं काय अप्रूप आहे ते बघावं म्हटलं. तर कोंबड्या विकणाऱ्यांच्या पलीकडे एका झाडाखाली बाई मांडी घालून बसलेल्या, मांडीवर कमळीची मुलगी झोपलेली. समोर कमळीनं गोळ्या गिळल्या आणि शाळेतल्या पोरीसारखं तोंड उघडून दाखवलं. तिच्या गालांवर मांस आलं होतं.

मला पाहून बाई ओशाळल्या. “तिला तिथं राहायला जमत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मला इथं यायला जमतं.” मग मुलीच्या अंगावरचं फडकं सारखं करत हळूच म्हणाल्या, “सुट्टीला खोलीत करायचं तरी काय?”

मी गुपचूप नागली घेतली आणि परतलो.

कमळी बरी झाली. बाई तरी जातच राहिल्या.

पुढे काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. शाल-नारळ झाला, भाषणं झाली. डॉक्टरही बाईंबद्दल भरभरून बोलले. मग सगळे आपापल्या कामाला लागले आणि बाई नारळ घेऊन कडुलिंबाखालच्या बाकावर जाऊन बसल्या. उद्यापासून त्यांना रोज उठून कुठं जायचं नव्हतं. मी खिडकीतून बघत होतो.

तेवढ्यात फाटकातून कमळी आली. बरोबर मुलगी, आता शाळेत जाणारी.

“बाई, आता कामावर नाय जायचं ना? मंग चला घरी. चार दिस ऱ्हा. गोड वाटलं तर कायमचं ऱ्हा.”

“हो, येते की,” बाई पटकन म्हणाल्या.

“असं नाय,” कमळी म्हणाली. “आधी नाय म्हना.”

मी खिडकीत हसलो. मुलगीही हसली. बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. चौथीच्या वर्गाचा तो आवाज कुठं गेला कोण जाणे. त्यांनी मान खाली घातली आणि शालीच्या टोकानं डोळे पुसले. ज्यांनी इतक्या माणसांना नाही म्हणायला शिकवलं, त्यांना तो एवढासा शब्द काही केल्या म्हणता येईना.

कमळीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग बाईंच्या हातातला नारळ घेऊन तिनं आपल्या पिशवीत टाकला.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “तुमचा हो मी तसाच घेते.”