खिशातलं रिलीज

रिलीज कुठलं घ्यावं, असा प्रश्न पडला की आमच्या धनुर्विद्या क्लबातली माणसं सरळ माझ्याकडे येतात. कोचकडे नाही, माझ्याकडे. मीही आढेवेढे न घेता सल्ला देतो. या विषयात माझा हात धरणारा क्लबात दुसरा कोणी नाही, आणि पुरावा म्हणून माझा पुढचा एक दात खोटा आहे. तो मीच बनवलाय. कवळ्या आणि खोटे दात बनवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंपाउंड धनुष्याची, म्हणजे चाकं लावलेल्या धनुष्याची दोरी नुसत्या बोटांनी सोडत नाहीत. मुठीत मावेल असं एक यंत्र दोरीला अडकवून ओढतात. तेच रिलीज. एका प्रकाराला बंदुकीसारखा चाप असतो, तो बोटाने दाबला की बाण सुटतो. दुसऱ्या प्रकाराला चापच नसतो. पाठीच्या बळावर ओढत राहायचं, यंत्र मुठीत हळूहळू फिरतं आणि बाण आपला आपण सुटतो. नेमका कधी, हे ओढणाऱ्यालाही कळत नाही.

मी वर्षानुवर्षं चापवालं वापरत होतो आणि मला टार्गेट पॅनिक होतं. धनुष्याला साइट म्हणून एक काच लावलेली असते, तिच्यात एक ठिपका असतो. टार्गेटवर मध्ये पिवळं वर्तुळ, त्याभोवती तांबडं, त्याबाहेर निळं. ठिपका मधल्या पिवळ्यावर न्यायचा, एवढंच काम. माझा ठिपका खालच्या निळ्यात जाऊन बसायचा आणि रुसलेल्या पोरासारखा वर यायलाच तयार नसायचा. मग बोट घाबरून चाप दाबायचं आणि बाण निळ्यात. कोच म्हणायचा, हा आजार नेम चांगला असणाऱ्यांनाच होतो. हे वाक्य मी बायकोला बरेचदा ऐकवलं आहे.

तिला असलं काही होत नाही. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि थेंब मोजावेत तशी शांतपणे बाण सोडते. पण त्या वर्षी तिचा उजवा खांदा गेला. शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि त्यानंतर धनुष्य विसरायचं, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं. तिने फक्त जोडीच्या स्पर्धेपर्यंत मुदत मागून घेतली. एक बाई, एक पुरुष, अशी ती स्पर्धा असते. दरवर्षी आम्ही उतरायचो आणि दरवर्षी माझ्यामुळे पहिल्याच फेरीत घरी यायचो.

"एकदा तुमच्याबरोबर पदक घ्यायचंय मला," ती म्हणाली. "मग खांदा कापा, नाहीतर काढून कपाटात ठेवा."

ती हसत म्हणाली, पण मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिला न विचारता मी बिनचापाचं रिलीज घेऊन आलो. दाबायला चापच नसला तर बोट घाबरून करणार काय, असं माझं शास्त्र होतं.

आधी घरी सराव करायचा असतो. डाव्या मुठीत दोरीचा फास धरायचा, उजवीकडे रिलीज अडकवायचं आणि धनुष्य असल्यासारखं ओढायचं. ओढताना अंगठा एका खुंटीवर घट्ट ठेवावा लागतो, नाहीतर यंत्र अर्ध्यातच फिरतं. हे डबीवर लिहिलेलं असतं. मी डबी कशाला वाचतो! हॉलमध्ये उभा राहिलो, डोळे मिटले आणि सगळी ताकद लावली. यंत्र अर्ध्या वाटेतच सुटलं आणि माझी मूठ, आतल्या लोखंडासकट, माझ्याच तोंडावर आली.

बायको धावत आली आणि मुठीत कापूस घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिच्यामागून सासूबाई आल्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की जावयाच्या तोंडातून रक्त येतंय, दात जमिनीवर आहे आणि मुलगी मूठ वळून समोर उभी आहे. जे बोलायचं ते त्यांनी थेट शेजारणीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण जिन्यात थांबून मला हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, कधीही वाटलं तर आमचं दार उघडं आहे." मी खरं सांगितलं, की मीच मला मारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, सगळे असंच सांगतात. औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकं बायकोशी एकदम अदबीने वागायला लागली.

त्या संध्याकाळी बायकोने निर्वाणीचं सांगितलं, की ते यंत्र पुन्हा दिसलं तर ती स्पर्धेला येणार नाही. मी ते परत करून आल्याचं सांगितलं आणि खिशात ठेवलं.

मग दुपारच्या सुटीत, माझ्या कारखान्यात, दार लावून मी सराव करू लागलो. फळीवरचे सगळे जबडे दात विचकून बघत असत. सकाळी क्लबात बायको यायच्या आधी कोच मला गवताच्या गठ्ठ्यासमोर हातभर अंतरावर उभं करी. समोर टार्गेटचा कागदच नाही, डोळे मिटलेले, नुसतं ओढत राहायचं. पुढे कागद लागला, अंतर वाढलं. एके दिवशी ठिपका सावकाश पिवळ्यावर जाऊन बसला आणि तिथेच राहिला. बाण कधी गेला मला कळलंच नाही. मी तिथेच खाली बसलो. कोचने विचारलं, काय झालं. काहीच झालं नाही, म्हणूनच बसलो होतो.

बायकोला सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी तिला चकित करण्यातून आलेल्या आहेत.

स्पर्धेच्या दिवशी नवं रिलीज खिशात होतं आणि हातात जुनं. योग्य वेळ आली की काढू, असं ठरवलं होतं. सरावाचे बाण जुन्यानेच मारले. ठिपका नेहमीसारखा निळ्यात बसला, बाण निळ्यात गेले. बायको मागे उभी राहून बघत होती. चेहरा अगदी शांत. मी पाणी पिऊन आलो आणि फेरी सुरू झाली.

आणि काय सांगू, बाण पिवळ्यात जायला लागले! ठिपका तसाच निळ्यात बसलेला, बोट तसंच घाबरून चाप दाबतंय, आणि बाण मात्र पिवळ्यात. माझी समजूत अशी झाली, की आज घाबरून धनुष्याला जो हिसका बसतोय तो नेमका वरच्या दिशेने बसतोय. पहिली फेरी जिंकली. दुसरी जिंकली. तिसरीत हरलो, पण तिसऱ्या क्रमांकाच्या पदकासाठी उभे राहिलो. बायकोचा खांदा एव्हाना इतका दुखत होता, की बाण सोडल्यावर ती हात दुसऱ्या हाताने खाली घेत होती. पण तिचे बाण पिवळ्यातच.

शेवटचा बाण माझा. नऊ गुण मिळाले की पदक आमचं. म्हणजे नुसतं पिवळं.

मी रेषेवर गेलो आणि मला भीती वाटली. दिवसभर आपण नशिबावर तरलोय, हे मला माहीत होतं. तिचं आयुष्यातलं शेवटचं पदक एका हिसक्याच्या भरवशावर सोडायचं? मन घेईना. मी जुनं रिलीज काढून ठेवलं आणि खिशात हात घातला.

मागून तिचा आवाज आला. "अहो, ते नको. जुनंच घ्या."

मला वाटलं, ही माझ्या दातांना घाबरतेय.

"बघच आता तू," मी म्हणालो.

"अहो, ऐका माझं..."

पण घड्याळ धावत होतं आणि मी ओढायला सुरुवात केली होती. अंगठा खुंटीवर घट्ट. ठिपका वर चढला. निळं, तांबडं, पिवळं. पिवळ्याच्या मधोमध जाऊन बसला. तिथेच राहिला. मी ओढत राहिलो आणि माझ्या नकळत बाण सुटला. इतका सुंदर बाण मी जन्मात मारला नव्हता.

तो निळ्यात लागला. वरच्या निळ्यात.

सामान आवरायच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तिच्याकडे बघूच शकत नव्हतो. तिने बर्फाची पिशवी खांद्यावर धरली आणि म्हणाली, "सकाळी तुम्ही पाणी प्यायला गेलात ना, तेव्हा मी तुमची साइट, बाण वर जावा म्हणून, खाली सरकवली. ठिपका निळ्यात ठेवलात तर बाण पिवळ्यात जाईल इतकी."

आमच्या खेळात दुसऱ्याच्या धनुष्याला हात लावत नाहीत. नवराबायकोही नाही. एक वेळ दुसऱ्याच्या ब्रशने दात घासतील.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही विचार करत बसला असतात. तुम्ही का नाही सांगितलं?"

मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. तुझं पदक मी घालवलं, एवढंच कसंबसं म्हणालो. तिने बर्फाची पिशवी माझ्या हातात दिली आणि खांदा पुढे केला.

"नीट धरा इथे," ती म्हणाली. "तो शेवटचा बाण मी पाहिलाय. न घाबरता सोडलात. इतकी वर्षं तुमच्या मागे उभी राहिले, ते हेच बघायला."

पुढच्या आठवड्यात तिची शस्त्रक्रिया झाली. आता ती क्लबात रेषेमागे खुर्ची टाकून बसते. साइट मी पूर्ववत केली नाही, हात धजेना. आणि महिन्याभरात माझी भीतीही परत आली. रिलीज कुठलंही असो, ठिपका पुन्हा जाऊन निळ्यात बसला. त्यामुळे माझे बाण हल्ली सगळे पिवळ्यात असतात. माणसं येतात, विचारतात, रिलीज कुठलं वापरता. मी गंभीर चेहऱ्याने अर्धा तास समजावतो.

ही भीती मात्र एका जागी टिकत नाही. कधी चार बोटं वर सरकते, कधी खाली. पण ते मला बघावं लागत नाही. सरावाचे बाण झाले, की बायको खुर्चीतून माझ्या धनुष्याकडे बघते आणि मला फार तहान लागते.