लाल टेम्पो, नऊ वेळा

गावची वाहतूक कोंडी मी एकट्यानं फोडली! नगरपालिकेच्या रस्ते विभागात चिकटून जेमतेम चार महिने झाले होते. साधनं काय, तर एक वही, एक पेन आणि एक मामा.

मामाचं सलून भर चौकात. दोन खुर्च्या, एक आरसा आणि आरशात अख्खा चौक. मी लहानाचा मोठा मामाकडेच झालो, त्यामुळे मला ठाऊक होतं की तो दिवसभर रस्त्याकडेच बघत असतो. (गिऱ्हाइकाच्या कानाकडे बघायचं कधीकधी राहून जातं, तो भाग वेगळा.) रस्ता सुधारायचा तर आधी वाहनं मोजावी लागतात. मोजायला माणसं द्यायला साहेबांनी साफ नकार दिला. मी वही मामाच्या हातात ठेवली.

"चौक सुधारला की गिऱ्हाईक वाढणार ना रे?"

"वाढणारच!" मी ठोकून दिलं.

खरं तर मामाचं गिऱ्हाईक म्हणजे कोंडीत अडकलेले ड्रायव्हर! रांग थांबली की गाडी तिथंच सोडून दाढीला बसायचे, रांग हलली की तोंडाला फेस तसाच घेऊन स्टिअरिंगवर! गावातून अर्ध्या दाढीचे इतके लोक बाहेर पडत की परगावच्यांना ती फॅशन वाटायची. हे सगळं रोज बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आठवड्यानं आकडा आला: रोज अकरा हजार वाहनं! गावात तेवढी माणसंही नव्हती, पण आकडा मोठा असला की शंका लहान वाटते. मी अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि मग सावकाश वही चाळली. पहिल्याच पानावर लाल टेम्पो. नऊ वेळा.

"मामा, हे नऊ टेम्पो आले कुठून?"

"नऊ कुठले? एकच. वर बघितलं की दिसायचा. दिसला की लिहायचो."

"अरे, तो हललाच नव्हता!"

"मग तो त्याचा दोष! माझी मोजणी चोख आहे."

मी धावत ऑफिस गाठलं. साहेब अहवाल हातात धरून उभे. "शाब्बास! इतकं चांगलं काम इथं कुणी केलं नव्हतं!"

हे वाक्य माझ्याबद्दल कुणी बोलण्याची ही पहिलीच वेळ. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची आजही लाज वाटते.

साहेब खातरजमा करायला स्वतः निघाले आणि चौकात पाऊण तास अडकले. कंटाळून दाढीला बसले. मी मागून मामाला खुणा करतोय, कमी बोल, कमी बोल!

"रोज एवढी गर्दी असते?"

"ही कसली गर्दी!" मामानं वस्तरा हवेत नाचवला. "आज तर सुट्टी असल्यासारखं वाटतंय. सुधारा साहेब, चौक लवकर सुधारा!"

साहेब अर्ध्या दाढीनिशी उठले आणि त्याच दिवशी त्यांनी गावाबाहेरून बायपास मंजुरीला पाठवला.

वर्षभरात रस्ता झाला. उद्घाटनाला सगळ्यात जोरात टाळ्या मामानं वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून चौक इतका शांत, की मामाच्या कात्रीचा आवाज पलीकडच्या दुकानात ऐकू जावा. म्हणजे, कात्री चालली तर.

मामानं मला दोष दिला नाही. मामी मात्र म्हणाली, "इंजिनिअर झालास, बरं झालं हो. तुझे मामा आता दुपारी जेवायला घरी असतात. सकाळीही असतात."

तेव्हापासून ऑफिस सुटलं की मी रोज त्या खुर्चीत जाऊन बसतो. आधी केस दिले, मग दाढी, मग मिशी. काल मामानं वस्तरा खाली ठेवला आणि माझ्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला.

"उद्या नको येऊस रे. कापायला काही उरलेलं नाही."

"येतो. नुसता बसेन."

मामानं रिकाम्या रस्त्याकडे बघितलं.

"बस. पण दारात नको बसूस. गिऱ्हाईक आलं तर अडचण व्हायची."