खुर्चीसोबत आलेला माल

"बाबा, आता तुम्ही नुसतं बसून राहा," लेक म्हणाली. "परदेशातून येणाऱ्या मालाचं सुरक्षा घोषणापत्र यापुढे संगणकच भरेल आणि कस्टम्सला धाडेल."

"आणि चुकला तर?" क्लिअरिंग एजंट असलेल्या बाबांनी विचारलं. आयुष्यात त्यांनी एकही खोटं घोषणापत्र दिलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते रोज एकदा तरी ऐकवत.

लेकीने चाचणीसाठी समोर दिसला तो माल भरला : 'वडील, नग एक, वापरलेले, बहात्तर किलो. धोकादायक? होय.'

"धोकादायक?"

"चहा मिळेपर्यंत तरी."

संगणक फारच आज्ञाधारक निघाला. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या खुर्चीचं घोषणापत्र उघडंच होतं. त्याने वडील त्यात जोडले आणि धाडूनही दिले.

तासाभरात कस्टम्सच्या साहेबांचा फोन. "खुर्ची आलीय. वडील कुठायत?"

"साहेब, ते चुकून..."

"मग दुरुस्तीचा अर्ज करा, पंधरवडा लागेल. जाहीर केलेला माल हजर केलात तर खुर्ची आजच सोडतो."

दवाखाना उद्या उघडायचा होता. बाबा उठले. "चल. माझ्या नावावर खोटं घोषणापत्र नको."

गोदामातल्या काट्यावर ते चौऱ्याहत्तर भरले.

"दोन किलो जास्त," साहेब गंभीरपणे म्हणाले.

"स्वेटर आहे, बूट आहेत."

"ते वेष्टन. उतरवा."

बाबा मोज्यांवर उभे राहिले तेव्हा काटा बहात्तरवर आला. साहेबांनी शिक्का मारला. "आता ज्यांच्या नावावर माल आलाय त्यांची पोच आणा. दोन्ही नगांची." मग लेकीला म्हणाले, "जपून न्या हो, धोकादायक आहे."

दवाखान्यात खुर्ची बसवून झाली, तसा डॉक्टरीणबाईंनी दुसरा नगही तिच्यात बसवला.

"अहो, नुसती सही करा ना!" बाबा कुरकुरले.

"काका, माल तपासल्याशिवाय सही करायची नाही, हे तुम्हीच मला बजावलंय. आ करा."

दिवा तोंडाशी आला. "अगंबाई! खालची दाढ फुटलीय. वाटेत फुटली, की आधीपासूनच? जुनं दुखणं असेल तर आत्ताच काढते."

बाबांनी लेकीकडे पाहिलं. महिनाभर ते एकाच बाजूने चावत होते आणि काहीही दुखत नसल्याचं घरी तोंडी जाहीर करत होते. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या चिमट्याकडे पाहिलं. एकीकडे दाढ होती, दुसरीकडे आयुष्यभराची अब्रू.

"आधीपासूनच," बाबा म्हणाले, आणि त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.